चिमण्यांची खुंटी

"माशी एका रात्रीत घर बांधते का?"

"मला काय विचारतोस? मी माशी आहे?"

"चेष्टा नको, नंदा. हे बघ." प्रबुद्धने मूठ उघडली. तळहातावर सुक्या मातीचे पोकळ तुकडे होते, वाटाण्याच्या टरफलांसारखे. "कुंभारमाशीची घरं. बारक्या नळ्यांच्या तोंडावर लिंपलेली. एक नाही, दोन नाही, अर्धी रांग भरलीय. त्यांच्यातून दर रविवारी वारा गेला असता तर एक तरी घर टिकलं असतं?"

"जुनी असतील."

"किती जुनी? दर रविवारी मी मान हलवतो, तू खुंटी ओढतेस. ओढतेस ना?"

"ओढते की."

"चिमण्यांची?"

नंदाने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. आत शोधायचं काहीच नव्हतं.

"चिमण्यांची नाही ओढत," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

दुपारची वेळ होती, खाली चर्चमध्ये बाकं रिकामी होती. डोक्यावरून एक विमान गेलं आणि माळ्याच्या फळ्या थरथरल्या. वाकोल्यात विमान गेलं की बोलणारे थांबतात आणि गेल्यावर तिथूनच पुढे बोलू लागतात. ही दोघं थांबली ती थांबलीच.

वाकोल्याच्या चढावर हे चर्च आहे. मागच्या दारावर लाकडी माळा, आणि माळ्यावर भिंत भरून ऑर्गन. हार्मोनियमला असतात तशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण दोन मजल्यांच्या. खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या. वर शेकडो नळ्या, सगळ्यात मोठी माणसाच्या दुप्पट, सगळ्यात लहान करंगळीएवढी. मोटरचा पंखा वारा भरतो, पट्टी दाबली की नळी वाजते. कुठली रांग वाजायची ते बाजूच्या लाकडी खुंट्यांवर ठरतं. खुंटी बाहेर ओढली की रांग जागी, आत ढकलली की मुकी. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय गुंतलेले. म्हणून शेजारी एक माणूस लागतं, त्याच्या मानेच्या इशाऱ्यावर खुंट्या ओढणारं आणि ढकलणारं. प्रबुद्ध इंगोले शाळेत होता तेव्हापासून ते माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण.

त्यांची आई विमला हिंगोलीकडून वाकोल्यात आली आणि या चर्चमध्ये झाडूपोछ्याला लागली. दोन्ही पोरं तिच्यामागून यायची. तेव्हा ऑर्गन वाजवायच्या मिस रेमी, शाळेतल्या शिक्षिका, इथल्याच जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती घरातल्या. त्यांचे गुडघे गेलेले. माळ्याचा जिना चढल्यावर त्या बराच वेळ नुसत्या धापा टाकत बसायच्या, आणि तेवढ्यात एकदा या पोराने बंद पंख्यावरच, मुक्या पट्ट्यांवर, आदल्या रविवारचं अख्खं गाणं बोटांनी करून दाखवलं. मिस रेमींनी विमलाला विचारलं की शिकवू का, तुमच्या धर्माला चालेल का. विमला म्हणाली, पेटीच आहे ना, मोठी आहे एवढंच. शिकवा.

खुंट्यांवर इंग्रजी अक्षरं होती. ती नंदाला तेव्हा वाचता यायची नाहीत, म्हणून भावंडांनी आपली नावं पाडली. घोगऱ्या जाड नळ्यांचे रेडे. मधल्या, घुमणाऱ्या, त्यांचे पारवे. आणि करंगळीएवढ्या, किणकिणणाऱ्या, त्यांच्या चिमण्या. पुढे नंदा पदवीधर झाली, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरला लागली, तिची मुलं नोकऱ्यांना लागली. नावं तीच राहिली.

मिस रेमी गेल्यावर दर रविवारी प्रबुद्धच वाजवू लागला. चर्चमध्ये काहींनी विचारलं, आपल्यातला कुणी नाही का. शिकायला मात्र कुणी पुढे आलं नाही. वस्तीत विहार कमिटीचे धम्मपाल इंगळे होते, त्यांनी तर भर बैठकीत विचारलं, काय रे, क्रिस्ताव झालास का. प्रबुद्धने सांगितलं, मी तिथे प्रार्थनेला जात नाही, नळ्यांसाठी जातो. धम्मपाल म्हणाले, नळ्या तर आपल्याकडे पण आहेत, म्युन्सिपाल्टीच्या, त्यांना पाणी आण. सगळे हसले. प्रबुद्धही हसला. रविवारी सकाळी माळ्यावर आणि संध्याकाळी विहारात वंदनेला, असं त्याने उभं आयुष्य बसवून घेतलं.

आठवड्याचे बाकीचे दिवस तो अंधेरीला एमआयडीसीत होता. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणारा पॉवर प्रेस. धाड, झाकण. धाड, झाकण. कानात घालायची बुचं तपासणीचा साहेब येणार असला की वाटली जायची आणि साहेब गेला की परत गोळा व्हायची. प्रबुद्ध कापूस घालायचा. घरी आल्यावर कापूस काढायचा आणि म्हणायचा, आता खरा आवाज.

कान कसे जातात हे ज्याचे जातात त्याला शेवटी कळतं. आधी वरचे आवाज जातात, बारीक, टोकदार. घोगरं सगळं राहतं. विमान ऐकू येतं, बस ऐकू येते, बायकोची हाक ऐकू येते, मग कान ठीकच आहेत की. कुकरची शिट्टी होईना म्हणून त्याने ती तीनदा बदलून आणली. तिसऱ्या वेळी सपनाने, त्याच्या बायकोने, शिट्टी होत असताना त्याला गॅससमोर उभं केलं आणि झाकणाकडे बोट दाखवलं. त्याला वाफ दिसली. तो म्हणाला, हल्लीच्या शिट्ट्यांत दम नाही.

आणि माळ्यावर तो चिमण्या मागू लागला. आधी नाताळात, मग दर रविवारी, मग प्रत्येक गाण्यात. मान हलवायचा, नंदा ओढायची, आणि त्याच्या चेहऱ्यावर यायचं की अजून कमी आहे. मग तो त्याच गाण्यात वरच्या पट्ट्यांवर जायचा. खाली म्हाताऱ्या बायका माळ्याखालची बाकं सोडून पुढे सरकल्या. एक लहान मूल दर रविवारी त्याच जागी रडायचं. कॉयरच्या, म्हणजे गाणाऱ्या मंडळीच्या, बाईंनी नंदाला जिन्यात गाठलं आणि विचारलं की तुमच्या भावाला कुणी काही सांगत का नाही. नंदाने विचार केला. दादाला सांगणं सोपं होतं का, की न सांगणं? पुढच्या रविवारी त्याने मान हलवली तेव्हा तिने चिमण्यांच्या खुंटीवर हात ठेवला आणि नुसता ठेवूनच ठेवला. त्याने वाजवलं. त्याच्या चेहऱ्यात काहीही फरक पडला नाही.

खाली उतरल्यावर कॉयरच्या बाई त्याला म्हणाल्या, आज फार गोड झालं.

"म्हणजे ते तुझं होतं," प्रबुद्ध आता म्हणत होता. त्याने मातीचे तुकडे ऑर्गनच्या कडेवर एकेक मांडले होते. "दोन वर्षं लोक येऊन सांगतात, प्रबुद्धभाऊ, हल्ली हात काय बसलाय तुमचा. मी मान डोलावतो. ते सगळं कौतुक तुझं."

"माझं कसलं? मी काय केलं? नुसता हात ठेवून बसते."

"तेच तर."

"दादा, त्यांना त्रास व्हायचा यार. खरंच व्हायचा. बायका उठून जायच्या."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

ते खरं होतं. कानाला लावायचं यंत्र त्याने घेऊन पाहिलं होतं. त्यातून माणसं बरी ऐकू येत, पण ऑर्गन ऐकू येई तो पत्र्याच्या पिंपात दगड टाकून हलवल्यासारखा. अख्खी हयात पत्रा ऐकला, आता नळ्यांतून पण पत्राच ऐकू का, असं म्हणून त्याने ते डबीत ठेवून दिलं.

एरवी हे भांडण त्या दुपारी संपलं असतं आणि दोघं खाली जाऊन चहा प्यायली असती. पण पुढच्या रविवारी संध्याकाळी त्याचं वादन होतं. प्रार्थनेला साथ म्हणून नाही, तर लोक फक्त ऐकायला येणार असं, आयुष्यातलं पहिलं. आणि तेच शेवटचं. माळ्याच्या तुळयांना वाळवी लागली होती. ऑर्गन उतरवून दुसरीकडे कुठल्याशा चर्चला द्यायचं ठरलं होतं, आणि रविवारची गाणी आता गिटार आणि कीबोर्डवर होणार होती. फादर चांगला माणूस. उतरवण्याआधी एक संध्याकाळ प्रबुद्धची, असं त्यांनी स्वतः म्हटलं. फाटकावर फलक लागला, त्यावर त्याचं नाव. त्याच आनंदात तो आज नळ्या पुसायला म्हणून ऑर्गनच्या पोटात शिरला होता, आणि हातात माती घेऊन बाहेर आला होता.

"आत ये जरा," तो म्हणाला. मग, "नाही, तू बाहेरच थांब. तू दाब. मी आत जातो."

"काय करतोयस?"

"चिमण्या ओढ आणि एकेक पट्टी दाब. खालून वर. घाई करू नको."

तो फळी सरकवून आत गेला. नंदाने पंखा लावला, खुंटी ओढली. दोन वर्षांनी ती खुंटी तिच्या हातात जड लागली. तिने खालची पट्टी दाबली.

"आहे," आतून आवाज आला.

पुढची दाबली. "आहे." पुढची. "आहे." ज्या नळ्यांवर मातीची घरं होती त्यांच्यातून नुसतं फुसफुसलं, त्या तिने सोडून दिल्या. "आहे," तो म्हणत गेला, "आहे." मग तो जरा थांबून म्हणू लागला. आणि मग म्हणेना. नंदाच्या बोटाखाली चांगला खणखणीत, सुईसारखा सूर वाजत होता.

"दाबलीस?" त्याने विचारलं.

"दाबली."

"बरं. पुढची?"

"दाबली, दादा."

तिने तिच्या पुढची दाबली, आणि त्याही पुढची. आतून काहीच येईना. तिला वाटलं, बास करावं, पण पट्टीवरचं बोट उचलेना.

"गालाला वारा लागतोय," तो आतून म्हणाला. "गार."

बाहेर आला तेव्हा त्याच्या एका गालावर धूळ होती. त्याने ती पुसली नाही. पट्ट्यांवर पाहत राहिला, जिथून पुढे त्याचं काही नव्हतं तिथे.

मग त्या दोघांनी करार केला, नुसता तोंडी. कार्यक्रम पारव्यांवर आणि रेड्यांवर व्हायचा, त्याला नीट ऐकू येणाऱ्या सगळ्यावर. चिमण्या फक्त शेवटच्या रचनेच्या शेवटच्या पानाला, जिथे सगळा ऑर्गन उघडतो. तिथे खालून एवढा आवाज असतो की चिमण्या टोचत नाहीत, वरून झगमगतात. मिस रेमींनी त्या पानावर शिसपेन्सिलीने चिमणी काढून दिली होती, पोरांच्या नावांना मान देऊन. त्या पानासाठीच त्याने शेवटाला ही जर्मन रचना निवडली होती.

"मला नाही ऐकू येणार," तो म्हणाला. "पण असल्या पाहिजेत. लोकांना यायला पाहिजेत. त्या असल्याशिवाय ते पान नाही."

नंदा म्हणाली, ओढीन.

"आणि मी मान हलवल्याशिवाय आत नाही ढकलायची. आईची शपथ घे."

"लहान आहेस का आता?"

"घे."

तिने घेतली.

"नाहीतर मी तिथेच हात उचलीन, नंदा. फलकावर नाव माझं आहे. वाजवीन तर मीच वाजवीन, तू वाजवलेलं माझ्या नावावर नको."

चिमण्यांची पेटी ऑर्गनला मागाहून जोडलेली, बाकीच्या नळ्यांपेक्षा वेगळी. तिच्यात प्रत्येक नळीखाली तिची स्वतःची छोटी झडप. माती काढायची तर जपून काढायला हवी होती, कण खाली पडला तर थेट झडपेवर. आणि झडपेत कण अडकला की पट्टी सोडली तरी झडप मिटत नाही, वारा जातच राहतो, नळी वाजतच राहते. मिस रेमींच्या वेळी एकदा झालं होतं तसं, झुरळामुळे. नंदा म्हणाली की ऑर्गन उतरवायला कारागीर यायचाच आहे, त्याला दोन दिवस आधी बोलाव. प्रबुद्ध म्हणाला, जो मोडायला येणार त्याला दुरुस्त कर म्हणू? त्याने घरून जुन्या छत्रीची एक काडी आणली आणि चार संध्याकाळी बसून सगळी घरं स्वतः पोखरून काढली. प्रत्येक नळी काढून नंदाच्या कानाशी फुंकून दाखवली. वाजते? वाजते. ही? ही पण.

रविवारी चर्च भरलं. ऐकायचं म्हणून बाकं माळ्याकडे तोंड करून फिरवली होती. पॅरिशचे, म्हणजे चर्चचे नेहमीचे, लोक होते, शाळेतली मुलं होती, आणि उजवीकडची चार बाकं पांढरीशुभ्र दिसत होती. धम्मपाल इंगळे विहारातल्या सगळ्यांना घेऊन आले होते, बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या शर्टांत. आत शिरताना चपला काढायच्या की नाही यावर दारात थोडा घोळ झाला, मग फादरनीच हाताने आत या म्हटलं. धम्मपालांनी वर माळ्याकडे पाहून हात केला आणि ओरडून विचारलं, पाणी आलं का नळाला. सपना त्यांच्या मागच्या बाकावर बसली होती. ती हसली नाही. तिला सगळं माहीत होतं.

पट्ट्यांच्या वर एक आरसा लावलेला असतो, रिक्षात असतो तसा, म्हणजे पाठमोऱ्या वाजवणाऱ्याला खालचं चर्च दिसावं. त्यात प्रबुद्धने पांढरी बाकं पाहिली. त्याने बूट काढून बाकाखाली सरकवले. तो नेहमी मोज्यांवर वाजवायचा, पायाला पट्टी कळते म्हणून.

पहिल्या तीन रचना जशा झाल्या तशा नंदाने कधी ऐकल्या नव्हत्या. पारवे घुमत होते. रेडे असे हळू आले की बाकांच्या लाकडात आधी कळले आणि मग कानांना. मध्येच विमान आलं, तर प्रबुद्धने एक सूर धरून ठेवला, विमान जाईपर्यंत, आणि ते गेल्यावर त्याच्याखालून तो असा बाहेर काढला की जणू विमानच त्यासाठी बोलावलं होतं. खाली कुणीतरी हलकंच हसलं. नंदाने पान उलटलं. तिला वाटलं, होतंय. निभतंय. दादाचं नाव त्याचंच आहे.

मग ती जर्मन रचना. पानं एकेक करून गेली. शेवटचं पान आलं, त्यावरची पेन्सिलीची चिमणी आता करडी, पुसट. प्रबुद्धने मान हलवली आणि आरशात न बघता सरळ तिच्या हाताकडे बघितलं.

तिने खुंटी ओढली. पूर्ण, शेवटपर्यंत, त्याला दिसेल अशी.

आणि त्या आल्या. दोन वर्षांनी, मातीतून सुटून आल्या, सगळ्या वरून.  आरशात लोकांची डोकी वर उठलेली दिसली. प्रबुद्धला त्यांतलं काही ऐकू येत नव्हतं, पण ती डोकी दिसली आणि तो हसला, वाजवता वाजवता, पोरासारखा. एक ओळ गेली. दुसरी गेली.

तिसऱ्या ओळीत एक चिमणी अडकली.

त्याने पट्टी सोडली होती, हात खाली आला होता, आणि ती वाजतच राहिली. अगदी वरची, सुईसारखी. बाकीचे सूर पुढे सरकले तशी ती बेसूर होत गेली. आधी नंदाला वाटलं, मिटेल. मग तिला छत्रीची काडी आठवली, आणि माती. खाली पहिल्या बाकावरची शाळेची मुलं एकमेकांकडे बघू लागली. कॉयरच्या बाईंनी डोळे मिटले. धम्मपाल मान वर करून बघत होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं की हे असंच असतं का. प्रबुद्ध वाजवत होता, चेहरा उजळलेला, आणि पुढे अजून अर्धं पान होतं. त्यानंतर शेवटचा लांब सूर होता, ज्यानंतर हात उचलायचे आणि चर्चमध्ये काहीच उरायचं नसतं.

पण आता ते उरणार होतं. त्याने हात उचलल्यावरही किंचाळत राहणार होतं.

नंदाने त्याच्याकडे बघितलं. "दादा," ती म्हणाली. त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने खुंटीवर हात ठेवला. त्याने ते पाहिलं. वाजवता वाजवताच मान हलवली, नाही म्हणून. तिने बोटाने वर नळ्यांकडे दाखवलं. त्याने पुन्हा मान हलवली, जोरात.

तिने ढकलली.

प्रबुद्धने दोन्ही हात उचलले.

ऑर्गन थांबला की चर्च एकदम मोठं होतं. खाली कुणी खोकलं. काहींना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या सुरू केल्या, मग थांबवल्या.

"काय सांगितलं होतं तुला?" तो म्हणाला. हळू म्हणाला, पण त्याचं हळू आता हळू राहिलं नव्हतं. पहिल्या बाकापर्यंत गेलं.

"अडकली होती, दादा. एक नळी अडकली होती."

"खोटं."

"आईची शपथ."

"ती तू घेतलीस आणि मोडलीस पण. आत्ता. माझ्यासमोर."

"सारखी वाजत होती रे. तू सोडलीस तरी वाजत होती. सगळ्यांना ऐकू येत होतं."

"मला कसं कळणार?" तो म्हणाला. "सांग ना. तू वाजते म्हणालीस तर वाजते, नाही म्हणालीस तर नाही. मला कसं कळणार, नंदा?"

 सांगून उपयोग नव्हता, कारण सांगणं हेच तर आता त्याला नको होतं. तिने त्याचे हात बघितले. दोन्ही मांडीवर, एकही बोट पट्टीला लागलेलं नाही. पायही उचललेले. मग तिने खुंटी पुन्हा ओढली.

"आरशात बघ," ती म्हणाली.

त्याने बघितलं.

चर्चमध्ये तो एकच सूर निघाला, कुणी न वाजवता. बारीक, सरळ, थांबायचं नाव न घेणारा. आरशात सगळ्यांचे चेहरे एकदम वर झाले, पांढऱ्या बाकांवरचे, बाकीचे. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने कानांत बोटं घातली. फादर उभे राहिले. एक म्हातारी बाई शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि वर बोट दाखवलं. सपनाने तोंडावर पदर घेतला आणि खाली बघितलं.

प्रबुद्ध आरशात बघत राहिला. त्याच्यासाठी सगळं शांत होतं. त्याने एकदा वर नळ्यांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, मग पुन्हा आरशात. गाल जरा पुढे केला, कुठून वारा येतोय का बघावं तसा. तिथपर्यंत वारा येत नव्हता.

नंदाने खुंटी आत ढकलली. आरशातल्या मुलीने कानांतली बोटं काढली, त्यावरून त्याला ते कळलं असावं.

"दादा," नंदा म्हणाली, "अर्धंच पान राहिलंय. चिमण्या नको. पारव्यांवर घे. छान होईल, खरंच छान होईल, ती तीन किती छान झाली. लोक बसलेत बघ. कुणी उठलं नाही. धम्मपालकाका पण बसलेत."

तो बाकावरून उठला. बाजूला झाला, ती उभी होती तिथून अंग चोरून पुढे गेला.

"दादा, वाजव ना रे. मी खुंट्यांना हात पण नाही लावणार. मी मागे उभी राहते. तुझ्या हाताने ओढ. दादा."

खालून फादरनी विचारलं की वर सगळं ठीक आहे ना.

प्रबुद्ध जिन्याच्या तोंडाशी पोचला होता. माळ्याच्या त्या लाकडी जिन्यावर कुणाचेही बूट खाडखाड वाजतात. नंदा त्या खाडखाडीची वाट बघत उभी राहिली. काहीच ऐकू आलं नाही. त्याचे बूट बाकाखाली होते, तो मोज्यांवरच उतरून गेला होता.